कटिंग टेबलाचे पाय

ता. ६ जानेवारी

प्रिय लंबू,

तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे अर्धा वेळ तुझं ‘हं, हं’ ऐकायचं आणि मागून कीबोर्डची टकटक. म्हणून आईने आणि मी ठरवलंय, यापुढे पत्रं. पत्र वाचताना माणसाला दुसरं काही टाइप करता येत नाही. शिवाय तुझं पत्र मी आईला दोनदा वाचून दाखवू शकते. फोन दोनदा कसा वाचणार?

आता बातमी, आणि ती बसून वाच. आपल्या दुकानाला वाद्यवृंदाचं काम मिळालंय. सगळ्या वादकांचे काळे कोट, एप्रिलच्या मोठ्या कार्यक्रमाआधी. आतापर्यंत ते तयार कोट घ्यायचे. व्हायोलिनवाल्याने हात उचलला की कोट त्याच्या कानापर्यंत वर जायचा, आणि मागच्या कार्यक्रमात तर त्यांच्या एका धिप्पाड वादकाची पाठ भर मंचावर उसवली. म्हणून त्यांचे व्यवस्थापक स्वतः दुकानात आले. भिंतीवरचा बाबांचा फोटो पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, मग खाली वाकून परत माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, कटिंग तुम्हीच करता का? म्हटलं, नाही, मांजर करतं. तिथेच आमचं जमलं.

हात उचलूनही न उचलला जाणारा कोट बेतायचा म्हणजे बगलेतलं गणित वेगळं असतं. ते बाबांनी मला शिकवलंय, तुला नाही, कारण तू तेव्हा टेबलाखाली झोपा काढत होतास. मापं घ्यायला सुरुवात केली आहे. बाबांसारखंच मी प्रत्येकाच्या हनुवटीखाली बोट लावते आणि म्हणते, ताठ, समोर बघा. ढोल वाजवणारा इतका घाबरला की श्वासच सोडेना. त्याचं माप परत घ्यावं लागणार.

कोपऱ्यावर कॉफीचं दुकान उघडणारा एक तरुण आत येऊन आपल्या कटिंग टेबलावरून हात फिरवून गेला. असलं लाकूड आता मिळत नाही, विकणार का, म्हणाला. त्याला त्याच्याभोवती उंच स्टुलं मांडायची आहेत. मी त्याला दार दाखवलं, पण हसून.

हात? हाताला काय झालंय. सकाळी थोडी बोटं सुन्न होतात, ती थंडीत कोणाचीही होतात.

आई म्हणते, बायकोला त्रास देऊ नकोस आणि वेळेवर जेव.

तुझी ताई


ता. १९ जानेवारी

प्रिय ताई,

हे पत्र टाइप करून छापलंय, रागावू नकोस. दिवसभर परदेशी सिनेमांच्या तळाशी ओळी लिहून लिहून माझं हस्ताक्षर मेलंय.

कामाचं अभिनंदन. आता मला सांग, मी तुझ्या हाताबद्दल एक अक्षर तरी विचारलं होतं का? मग ‘हात? हाताला काय झालंय’ हे तू कोणाला म्हणालीस? मी रोज लोकांचे संवाद ऐकतो ताई. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देणारा माणूस दुसऱ्या प्रसंगात हमखास पकडला जातो. आणि तुझं अक्षर. तुझ्या वेलांट्या म्हणजे काजाच्या टाक्यांसारख्या, एक दुसरीपेक्षा मोठी नाही. या पत्रात त्या अर्ध्यावरच गळून पडल्यात. दुसऱ्या पानावर तर तू पेन मुठीत धरून लिहिलंयस, हे मी इथे बसून सांगतो.

एकच हालचाल दिवसभर आणि वर्षानुवर्षं केली की स्नायू, नसा, सांधे एक दिवस संप पुकारतात. हे हसण्यावारी न्यायचं नाही. आमच्या ऑफिसात एकजण आहे. माउस धरून धरून त्याच्या मनगटाची अशी अवस्था झालीय की बिचाऱ्याला बरणीचं झाकण उघडत नाही, कप दोन्ही हातांनी धरतो. त्यानेही सुरुवातीला थंडीवरच ढकललं होतं.

तेव्हा माझं ऐक. ते काम नाही म्हणून कळव. टेबल त्या कॉफीवाल्याला देऊन टाक, दुकानाला कुलूप लाव आणि आईला घेऊन इकडे ये. खोली रिकामीच आहे. तू पुष्कळ केलंस. आता खिडकीत बस आणि आमच्यावर नाक मुरड.

आईला नमस्कार.

तुझा लंबू


ता. ४ फेब्रुवारी

प्रिय लंबू,

तुझं पत्र वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खिडकीत बस म्हणे. मी काय कुंडी आहे?

आईला वाचून दाखवताना तो भाग मी गाळला, पण तिला गाळलेलं बरोबर कळतं. ती म्हणाली, पुढचं वाच. वाचलं. ती माझ्यासाठी चहा करायला उठली. तेव्हा मला समजलं की तिलाही माझा हात दिसत होता.

आता खरं सांगते. तुला उत्तर न देता मी आठवडाभर धुसफुसत राहिले आणि कटिंग करत राहिले. गुरुवारी व्हायोलिनवाल्याच्या कोटाची पाठ कापत होते. मधोमध आले आणि अंगठ्यातून कळ अशी निघाली की कात्री हातातून सुटून टेबलावर पडली. कापड वाचलं. मी नाही वाचले. परत कात्री उचलली तर बोटं मिटेनात. दुकानाचं शटर अर्धं ओढून मी तिथेच बसून रडले, लंबू. मला दुसरं काही येत नाही. कात्री गेली तर मी कोण?

त्याच दिवशी तो व्हायोलिनवाला ट्रायलला यायचा होता हे मी विसरले होते. अर्ध्या शटरखालून वाकून तो आत आला. माझा हात बघून त्याने स्वतःचा डावा खांदा चोळला आणि म्हणाला, आमच्याकडे हे सगळ्यांना होतं. मग त्याने एका कायरोप्रॅक्टरचा, म्हणजे मणके आणि सांधे हाताने सैल करणाऱ्या डॉक्टरचा, पत्ता दिला. त्याला दोन वर्षांपूर्वी मान वळवता येत नव्हती. मी विचारलं, ते हाडं मोडतात ना? तो म्हणाला, नुसती कडकडवतात. यात फरक काय ते मला तेव्हा कळलं नाही.

गेले. फोनवर त्यांनी सांगितलं होतं की ज्या कामाने त्रास होतो त्याचं हत्यार सोबत आणा. म्हणून मी बाबांची मोठी कात्री पिशवीत घालून नेली. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, काय घेऊन आलात, तर मी ती बाहेर काढून दाखवली. प्रतीक्षेत बसलेला एक गृहस्थ जागा बदलून दाराजवळ गेला.

ती डॉक्टरीण तिशीतली असेल, हसरी, हात मात्र सुतारासारखे. मी तिचं नाव कडकडबाई ठेवलंय. आईला ते फार आवडलं. मला वाटलं, आल्या आल्या मान पिरगाळेल. तिने अर्धा तास नुसते प्रश्न विचारले. कुठली बोटं, कधी, झोपेतून जाग येते का, वस्तू हातातून पडतात का. मग मान, खांदा, कोपर, मनगट, सगळीकडे दाबून पाहिलं. मी म्हटलं, बाई, दुखतो अंगठा आणि तुम्ही माझ्या मानेत काय शोधताय? तिने समजावलं की नस मानेतून निघते आणि खांद्याखालून, कोपरातून, मनगटातून बोटांपर्यंत जाते. ते मला एकदम पटलं. नेफ्यातली नाडी मध्ये कुठेही अडकली की टोक ओढून उपयोग नसतो.

बोटं सुन्न होतात म्हणून आधी तिने मला नसांच्या डॉक्टरकडे तपासणीला पाठवलं. तिथून निरोप आला की नस मनगटाशी थोडी दाबली गेलीय, पण अजून हाताबाहेर गेलेलं नाही. मग तिने कामाला सुरुवात केली. पाठीत एक कट् झालं. आवाज मोठा, दुखलं काहीच नाही. मनगटाचे सांधे हळूहळू हलवून सैल केले, दंडाचे गोळे दाबले, आणि घरी करायला व्यायाम दिले. दर थोड्या वेळाने कात्री खाली ठेवायचा हुकूमही दिला. मी विचारलं, किती वेळात बरं होईल? ती म्हणाली, जादू नाही येत मला. बघू या.

त्या रात्री मी सलग झोपले.

तुझ्या ऑफिसातल्या त्या बिचाऱ्याला माझा निरोप दे, म्हणावं कोणाला तरी हात दाखव.

तुझी ताई


ता. १६ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र वाचून मी दोनदा घाबरलो. रडलीस ते वाचून, आणि मग पाठीत कट् झालं ते वाचून. तू नसांच्या डॉक्टरकडे जाऊन आलीस म्हणून थोडा जीव भांड्यात पडला. पण ताई, कडकडणं हा काय उपचार आहे? मीसुद्धा बोटं मोडतो, म्हणून मी डॉक्टर झालो का? त्या बाईंनी मानेला झटका देऊ नये, दिला तर आधी विचारून द्यावा, आणि दोन-चार आठवड्यांत फरक पडला नाही तर तिने स्वतःहून तसं सांगावं. एवढं तिच्याकडून वदवून घे.

आणि विश्रांती घे. मनगटाला विश्रांती हेच खरं औषध. मी हे किती जणांना सांगून थकलो, पण आपल्या घरात ऐकतं कोण.

घाईत आहे. एका सिनेमात सगळेच एकाच वेळी बोलतायत.

तुझा लंबू


(याच पाकिटात, निळ्या शाईत)

वन्सं, नमस्कार.

पाकीट मी चिकटवते आहे, म्हणून ही चिठ्ठी आत सरकवते. यांना माहीत नाही.

तो ऑफिसातला ‘एकजण’ म्हणजे हेच. मनगटाला पट्टा बांधून बसतात. कप दोन्ही हातांनी धरतात आणि विचारलं तर म्हणतात, ऊब छान वाटते. बरण्या मी उघडते. पत्रं टाइप करून पाठवतात कारण पेन धरवत नाही. रात्री मान धरून उठतात आणि दिवसा तुम्हाला विश्रांतीवर व्याख्यान लिहितात. ते घरी ज्या टेबलावर काम करतात तिथे स्क्रीन इतकी खाली आहे की एवढा उंच माणूस त्यात विहिरीत डोकावल्यासारखा वाकून बसतो. मी सांगून पाहिलं, पुस्तकांची चळत लावून पाहिली, ती दुसऱ्या दिवशी कोसळली. मी हात टेकले.

तुमच्या कडकडबाईंसारखं इकडे कोणी असेल तर मला कळवा. यांना मी दुसऱ्याच कामाचं निमित्त काढून घेऊन जाईन.

तुमची भावजय


ता. १ मार्च

प्रिय लंबू,

ऑफिसातल्या त्या बिचाऱ्याची तब्येत कशी आहे? त्याची बायको फार गुणी आहे असं ऐकते. त्याला म्हणावं, ताईला सगळं कळलंय आणि भेटल्यावर ती कान धरणार आहे, मनगटाला पट्टा असला तरी. कडकडबाईंनी तुमच्या गावातल्या एकीचं नाव दिलंय. ते मी तुला सांगणार नाही, वेगळ्या पाकिटातून तुझ्या बायकोला पाठवलंय. तिच्यावर चिडलास तर गाठ माझ्याशी आहे.

आता माझं ऐक, कारण इकडे मोठी गंमत झाली. माझा हात सुधारला. वेलांट्या बघ. सुन्नपणा कमी झाला, झाकणं उघडायला लागली. मी खूश होऊन दोन दिवस जोरात कटिंग केलं आणि तिसऱ्या दिवशी होते तिथेच परत. हे असं दोनदा झालं. दुसऱ्यांदा गेले तेव्हा रडवेली झाले होते. म्हटलं, बाई, तुमच्याकडून जाते तेव्हा चांगली असते, मग घरी जाऊन काय होतं?

ती माझ्या पाठीमागे उभी होती. ती म्हणाली, “मी जे सोडवते ते तुम्ही कुठेतरी परत बांधताय. कुठे बांधता ते मला दाखवा.”

तिच्या तपासायच्या टेबलाला खाली पायाने दाबायचा दांडा आहे. प्रत्येक पेशंटआधी ती तो दाबून टेबल वरखाली करते, हे मी पहिल्या दिवसापासून पाहत होते. मला वाटायचं आमच्या सोयीसाठी. तिने सांगितलं, नाही, माझ्या कमरेसाठी, नाहीतर संध्याकाळपर्यंत मीच आडवी होईन. मग तिने टेबल रिकामं केलं, माझ्या हातात माझीच कात्री दिली आणि विचारलं, तुमचं टेबल किती उंच? ती दांडा दाबत गेली, मी म्हणत गेले, अजून वर. अजून. अजून थोडं. शेवटी दांड्यातून कर्र आवाज आला आणि टेबल आणखी वर जाईना. मी म्हटलं, साधारण इथे, खरं तर अजून दोन बोटं वर. ती माझ्याकडे बघत राहिली. मी तिथे उभी राहून कात्री चालवायची नक्कल केली. माझा खांदा कानाला लागला होता, कोपर हवेत, मनगट उलटं वाकलेलं, आणि लंबू, मला ते त्या दिवसापर्यंत कधी दिसलंच नव्हतं, कारण समोर आरसा होता तो तिच्याकडे.

तिने विचारलं, “यावर उंट झोपवता का तुम्ही?”

मी म्हटलं, वडिलांचं टेबल आहे. ती म्हणाली, वडील उंच होते? मी म्हटलं, दारातून वाकून यायचे. आयुष्यभर मी गावाची मापं घेतली. कोणाचा खांदा अर्धा इंच उतरता आहे ते मला दारातून दिसतं. आणि ज्या टेबलाशी मी रोज उभी असते ते माझ्या मापाचं नाही हे मला परक्या बाईने दाखवावं.

आधी तिने सुचवलं, पायाखाली फळी घ्या. घेतली. पण कटिंग करताना मी टेबलाभोवती फिरते हे मी विसरले. पहिल्या दिवशी फळीवरून उतरले ती थेट कापडाच्या गठ्ठ्यावर, दुसऱ्या दिवशी इस्त्रीवाल्याच्या अंगावर. तो बिचारा कपडे न्यायला आला होता, तेव्हापासून बाहेरूनच हाक मारतो.

तेव्हा ठरलं. सुताराला बोलावलंय. टेबलाचे पाय कापायचे. तू हे वाचेपर्यंत बहुधा कापले असतील.

तुझी ताई


ता. ९ मार्च

ताई,

सुताराला थांबव. हे पत्र मी खास माणसाच्या हातून पाठवतोय, पोस्टावर विश्वास नाही.

बाबांच्या टेबलाला करवत लावायची? त्या टेबलाला बाबांनी कधी कोणाला खिळासुद्धा ठोकू दिला नाही. त्याच्या पायाला पाठ टेकून मी वाचायला शिकलो. चारही पाय मला डोळे मिटून आठवतात, खिडकीकडच्या पायाच्या तळाशी एक गाठ आहे, तिला मी डोळा म्हणायचो. बाबा वर कापायचे आणि चिंध्या माझ्या डोक्यावर पडायच्या. त्यांची उंची एवढीच आता उरलीय आपल्याकडे, त्या टेबलाएवढी. ती पण कापून टाकणार?

मी भांडत नाहीये. तुझा हात मला टेबलापेक्षा मोठा आहे, हे तुला माहीत आहे. पण दुसरं काहीतरी शोध. नवीन टेबल घे, मी घेऊन देतो. हे माझ्यासाठी ठेव.

आणि हो, बायकोने मला ‘पडदे बघायला’ म्हणून नेलं आणि मी एका कायरोप्रॅक्टरच्या दारात उभा. तुम्हा दोघींचं काय करावं. त्याबद्दल नंतर.

तुझा लंबू


ता. २४ मार्च

प्रिय लंबू,

विकायला तयार होतास, कापायला नाही. कॉफीवाल्याने त्यावर बशा आपटलेल्या तुला चालणार होत्या. हे वाक्य मी आईला वाचून दाखवलं तेव्हा ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

तुझा माणूस आला तेव्हा सुतार दुकानात होता, हातात करवत घेऊन. मी तुझं पत्र वाचलं. मग त्याला म्हटलं, थांबा. खोटं कशाला बोलू, मला रडू आलं. चिंध्या तुझ्या डोक्यावर पडायच्या ते मीच वरून बघायचे. मी सुताराला म्हटलं, आज राहू द्या. आणि मनातल्या मनात म्हटलं, झालं, हात गेला. नव्या टेबलाला महिना लागणार होता आणि अर्धे कोट अजून कापायचे होते.

सुताराचा मात्र हिरमोड झाला. आलोच आहे तर पाय ठीक आहेत का बघतो, म्हणाला. त्याने आणि इस्त्रीवाल्याने मिळून टेबल आडवं केलं. सुतार खाली बसला, पायावरून नख फिरवलं आणि म्हणाला, “बाई, हे वरचं लाकूड वेगळं आणि खालचं वेगळं. कोणीतरी जोड दिलाय.”

मी वाकून पाहिलं. चारही पायांच्या तळाशी वीतभर उंचीचे ठोकळे. रंग सारखा दिलेला, पण रेषा उलट्या. मध्ये लाकडी खुंट्या. इतक्या सुबक की इतकी वर्षं पुसूनसुद्धा मला कळलं नाही. तुझी ती डोळ्याची गाठ ठोकळ्यावरच आहे.

आई मागे खुर्चीवर बसून बटणं लावत होती. मान वर न करता म्हणाली, “ते तुझ्या बाबांनी लावले. टेबल त्यांच्या मास्तरांचं, मास्तर तुझ्याएवढे. यांची पाठ मोडायची वाकून वाकून. लग्न झालं त्याच वर्षी लावले.”

मी म्हटलं, आई, मी दोन महिने मेले, तू बोलली का नाहीस? ती म्हणाली, मला कुठे कोणी विचारलं? तुम्ही सगळे त्या टेबलाविषयी असं बोलता की मला वाटलं तुम्हाला माहीतच असेल.

तर लंबू, करवत लागलीच नाही. सुताराने खुंट्या ठोकून बाहेर काढल्या, ठोकळे अलगद सुटले. टेबल उभं केलं. मी त्याच्याशी जाऊन उभी राहिले आणि कात्री हातात घेतली. खांदा जागेवर, कोपर अंगाशी. पहिल्यांदाच मला कापड वरून दिसलं. मी एका दमात चेलोवाल्याची पाठ कापली. आई म्हणाली, मास्तर असेच दिसायचे.

बाबांनी टेबल जपलं ते असं. आधी आपल्या मापाचं करून घेतलं. मी त्यांचं टेबल जपत बसले आणि त्यांनी काय केलं तेवढं बघायचं राहून गेलं.

कडकडबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी टाळी दिली. अजून जाते, आता महिन्यातून एकदा, आणि व्यायाम रोज करते, त्यात सूट नाही म्हणाल्या. बोटं सकाळी जागी असतात. सगळे कोट कापून झाले, पहिल्या फळीतले शिवूनही. परवा व्हायोलिनवाल्याने कोट घालून पूर्ण गत वाजवली, दुकानात, आणि कोट जागचा हलला नाही. बाहेर माणसं थांबली. कॉफीवालाही आला होता. टेबलाकडे बघून म्हणाला, हे खाली कसं आलं? आता माझी स्टुलं बसणार नाहीत. त्याचा नाद सुटला एकदाचा.

सोबत एक खोकं पाठवतेय. जड आहे, बायकोला उचलायला लावू नकोस. बाबांची उंची तुझ्याकडे गेली, माझ्याकडे नाही, तेव्हा हे तुझेच. डोळ्यावाला ठोकळा पुढच्या बाजूला ठेव. स्क्रीन त्यांच्यावर बसेल, आणि पुस्तकांसारखी कोसळणार नाही. सुताराने तळ घासून सपाट केलेत.

तुझी ताई


ता. ७ एप्रिल

प्रिय ताई,

हे हाताने लिहितोय. अक्षर वाकडं आहे आणि दर चार ओळींनी पेन खाली ठेवतोय, कारण तुझ्या कडकडबाईंची मैत्रीण तुझ्या कडकडबाईंपेक्षा कडक आहे. मी तिला म्हटलं, मी घरी पट्टा बांधून विश्रांती घेतो. तिने विचारलं, विश्रांती घेताना काय करता? म्हटलं, सिनेमा बघतो. कुठे? त्याच स्क्रीनवर. तिने बायकोकडे बघितलं आणि दोघी हसल्या. माउस आता डाव्या हाताकडे गेलाय. कप एका हाताने धरतो. बरण्या अजून नाही, पण परवा एक थोडी हलली.

खोकं आलं तेव्हा मी ते उघडून एकेक ठोकळा फिरवून पाहिला. डोळा सापडला. जुन्या खडूचा वास अजून येतो त्यांना, किंवा मला तसं वाटतं. बायकोने ते ओळीने टेबलावर मांडले आणि स्क्रीन वर ठेवली. मी नेहमीच्या सवयीने मान घालून बसायला गेलो तर समोर काहीच नव्हतं, नुसतं लाकूड. मान वर करावी लागली. आणि त्या क्षणी मला हनुवटीखाली बाबांचं बोट लागलं, ताई. ताठ, समोर बघ. अगदी तसंच. मी रडलो, बायको म्हणाली हे चालेल, पण ताठ बसून रडा.

कार्यक्रमाला आम्ही दोघं येतोय, तिकिटं काढली. मला वादकांसारखाच काळा कोट हवा. पहिल्या ओळीत बसून हात वर करून टाळ्या वाजवणार आहे, तेव्हा बगल तशीच बेत. माझं जुनं माप वापरू नकोस. बायकोने काल टेप लावून पाहिलं, तर ती म्हणते, मी थोडा उंच झालोय.

आईला नमस्कार. तिला विचार, आपल्या घरात अजून काय काय आहे जे तिला माहीत आहे आणि आम्ही विचारलेलं नाही.

तुझा लंबू